चार बोटं ऊन

उन्हाची तक्रार करणारी माणसं रायपुरात पैशाला पासरी मिळतात. ऊन मिळावं म्हणून रीतसर अर्ज करणारी बाई मला आयुष्यात एकच भेटली, तीही नोकरीच्या शेवटच्या वर्षात. अर्ज हिंदीत होता. अक्षर टपोरं, डावीकडे समास सोडलेला, आणि विषयाच्या ओळीत लिहिलेलं, 'कमरे में धूप मिलने बाबत'.

आमचं खातं सौरऊर्जेचं, पण घरात ऊन पोचवून देण्याची योजना कुठल्याच फाइलीत नव्हती. त्यामुळे तो कागद टेबलाटेबलावरून फिरला. कुणी 'योजना उपलब्ध नहीं' असा शेरा मारला, कुणी 'परीक्षण कर प्रस्तुत करें' म्हणून पुढे ढकलला, एकाने नुसतीच सही ठोकली. फिरून फिरून तो माझ्याकडे आला, कारण खात्यात मला सगळे 'शीशेवाले साहब', म्हणजे आरशांचे साहेब, म्हणत. चेष्टा होती, पण नाव चुकीचं नव्हतं.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण छतावरच्या काळ्या पॅनेललाच लोक सौरऊर्जा समजतात. पॅनेल बिचारं पडून असतं. माझे आरसे सूर्याच्या मागे फिरायचे. वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांमागे आम्ही खोलीएवढ्या मोठ्या आरशांच्या थाळ्या बसवत असू. शेकडो तुकडे एकाच ठिकाणी ऊन फेकत आणि तिथल्या पाण्याची वाफ होऊन मुलांचा भात शिजे. सूर्य सरकतो, म्हणून थाळीही सरकत राहिली पाहिजे. ती अडकली की ऊन शिस्तीत उभं राहत नाही, भटकायला लागतं. एका वसतिगृहात ते भटकत भटकत वाळत घातलेल्या चादरींवर गेलं आणि तीन चादरी जळाल्या. तिथला अधीक्षक महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. शंकर नगरातल्या एका गृहस्थांना उत्तरेच्या बाल्कनीतल्या तुळशीवर सकाळचं ऊन हवं होतं. दिलं. दुपारी तेच ऊन समोरच्या फ्लॅटमधल्या टीव्हीवर पडायला लागलं आणि समोरचे गृहस्थ भर क्रिकेटच्या मॅचमधून उठून काठी घेऊन आले. तुळस वाचली, शेजार गेला.

पण सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो हात लावणाऱ्यांचा. एका वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई गिअरची पेटी उघडून आतलं ग्रीस काढून घेत आणि भेगाळलेल्या टाचांना लावत. थाळी का अडकते म्हणून मी चारदा तिथे गेलो. पाचव्या खेपेला बाईंच्या टाचा पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसापासून मी सील लावायला लागलो. काम झालं की पेटीच्या कड्यांतून तार गुंफायची, तिच्या टोकांवर शिशाचा मणी घालायचा आणि चिमट्याने दाबायचा. मण्यावर खात्याची खूण उमटे. माझे वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते, त्यामुळे मालडब्यांची सीलं मी लहानपणापासून पाहिलेली. सील म्हणजे दिलेला शब्द, त्याला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात शिकवावं लागलं नव्हतं. खात्यात माझ्या सीलाचा दरारा होता आणि मला त्याचा अभिमान होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अर्ज करणाऱ्या इंदूकाकू बूढ़ापाऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत राहत. उमर अठ्ठ्याहत्तर. मूळच्या वर्ध्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, तहसील कचेरीत बाबू म्हणून सगळी नोकरी केलेली. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून खुबा मोडला आणि त्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत पलंगाला खिळल्या. मुलगा रोज भिलाईला नोकरीला जाई. घरात सून, वर्षा. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच येई.

खोलीला एकच खिडकी, उत्तरेकडे, मागच्या आवारात उघडणारी. पूर्वी दक्षिणेकडच्या दारातून ऊन आत येई. मग त्या बाजूला चार मजली इमारत उभी राहिली आणि दारात कायमची संध्याकाळ झाली. मी गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि खोलीत दिवा लागलेला होता.

"बसा भाऊ," काकू म्हणाल्या. "अर्ज भेटला का तुमाले? मले वाटलं टोपलीत गेला असन."

"भेटला न काकू. पण योजना नाही अशी."

"योजना नाही तं काहून आले?"

काकूंनी चादरीतून एक हात काढून माझ्यासमोर धरला. पांढराफटक, निळ्या शिरांचा हात. "दोन वर्षं झाले, या हाताले ऊन लागलं नाही. बाहेर लोक उन्हानं मरून राहिले, आन् मी इथं थंडीनं. मले काही डोंगर हलवून नाही पाहिजे. पलंगावर पडन, एवढंच पाहिजे. सकाळी घंटाभर."

खात्याकडून काही होणार नव्हतं. मी म्हणालो, दोन महिन्यांनी मी रिटायर होतो, मग मीच करतो. निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न मलाही होताच. चौबे कॉलनीतल्या घरात बसून भाजी निवडण्याची माझी तयारी नव्हती.

काकूंच्या आवाराच्या मागे, भिंतीपलीकडे, साहूजींचं दुमजली घर होतं. त्यांच्या छतावर त्या उंच इमारतीची सावली पोचत नव्हती. साहूजी रेल्वेच्या मालगोदामातून रिटायर झालेले, विधुर, सत्तरीचे. आरसा ठेवू द्याल का विचारलं, तर एवढंच म्हणाले, "हव. बाई बर आय, त रखव." बाईसाठी आहे ना, मग ठेवा.

बसवलेलं यंत्र साधं होतं. दोन आरसे. पहिला, ताटलीसारखा गोल नव्हे तर दाराच्या अर्ध्या झडपेएवढा सपाट, पृथ्वीच्या आसाला समांतर अशा तिरक्या दांड्यावर. विजेवरची एक छोटी मोटर त्याला घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्या वेगाने फिरवी. तो ऊन उचलून उत्तरेकडच्या खांबावरच्या दुसऱ्या आरशावर टाकी. दुसरा जागचा हलत नसे. तो ते ऊन खाली काकूंच्या खिडकीत सोडी, आणि खिडकीतून थेट समोरच्या भिंतीला लागून असलेल्या पलंगावर.

यात एक गोम होती. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला जातो तसा तो दिवसागणिक थोडा दक्षिणेला किंवा उत्तरेलाही सरकतो. त्यासाठी पहिल्या आरशाच्या मागे मी एक हाताने फिरवायचा स्क्रू ठेवला. दसऱ्याच्या सुमाराला, आम्ही सुरुवात केली तेव्हा, स्क्रू न फिरवल्यास ऊन रोज चार बोटं जागा सोडी. डिसेंबरात सूर्य वळायला टेकतो, तेव्हा ते जवळजवळ हलत नसे.

मी काकूंना एक पेन्सिल दिली आणि सांगितलं, "रोज दहा वाजता उन्हाची वरची कड भिंतीवर जिथं असन, तिथं रेघ मारायची. किती सरकलं ते मले समजलं पाहिजे. मी इचारीन."

"नोंद ठेवाची म्हणा न," काकू म्हणाल्या. "ते माह्यं कामच होतं."

आणि मग त्या गल्लीत एक रिवाज सुरू झाला. सकाळी साहूजी ओलं फडकं घेऊन छतावर चढत. रायपूरच्या छतांवर लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ बसते. सकाळी अनवाणी चाललात तर तळवे कोळशाचे होतात. आरसा रोज पुसावा लागे. पुसून झालं की ऊन खाली पडे. काकू भिंतीवरची रेघ बघत आणि सुनेला सांगत. वर्षा आवारात येऊन वर तोंड करून ओरडे, "बाबा, चार उंगली नीचे!" साहूजी स्क्रू फिरवत. "बस?" "थोड़ा और!" "अब?" "बस, बस!" मग साहूजी कठड्याशी येऊन मोठ्याने विचारत, "सब बने बने हे, बाई?" आणि आतून काकू ओरडत, "बने हे, साहूजी!" बने म्हणजे छान. तेवढंच छत्तीसगढी त्यांना येत असावं, पण म्हणत अगदी ठसक्यात.

मी अधूनमधून जाई. काकू उन्हात हात पसरून पडलेल्या असत. एकदा म्हणाल्या, "भाऊ, तिळाचे लाडू खा. उन्हात बसून मीच वळले." संक्रांतीचे दिवस होते. तेवढा आनंद मला तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या सत्कारात मिळाला नाही.

त्यावर मी समाधान मानलं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

उन्हाळ्यात आरशावर पोतं टाकलं, पावसाळाभर ते तसंच राहिलं. नवरात्रात पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा साहूजींना जिना चढताना मी पाहिलं. मधे दोनदा थांबले. मला वाटलं, या म्हाताऱ्याला रोज चढायला लावणं हा आपल्या विद्येचा कमीपणा आहे. मी हाताचा स्क्रू काढून टाकला आणि त्या जागी दुसरी छोटी मोटर बसवली. तिला दिशा दाखवायला एक डोळा लावला, म्हणजे काचेखाली ऊन मोजणारे दोन बारीक कण शेजारी शेजारी, मधे एक छोटी आडभिंत. दोन्हीवर सारखं ऊन पडलं की आरसा बरोबर जागी आहे असं समजायचं. एकावर कमी पडलं की मोटर आरसा झुकवून ते सारखं करून घेणार. कुणी ओरडायला नको, कुणी फिरवायला नको. डोळ्यावर माकडं आणि कबुतरं बसू नयेत म्हणून त्यावर बारीक जाळीचा पिंजरा बसवला. आणि सवयीने, पिंजऱ्याच्या आणि पेटीच्या कड्यांतून तार गुंफली, शिशाचा मणी घातला, चिमटा दाबला. निवृत्त होताना मी तो चिमटा ठेवून घेतला होता.

"साहूजी, अब आराम," मी म्हणालो. "आठ दिन में एक बार शीशा पोंछ दीजिए। इसको हाथ नहीं लगाना।"

साहूजींनी सीलाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "हव साहेब."

काकूंना मी सांगायला गेलो, की आता ऊन जागचं जाणार नाही, रेघा मारल्या नाहीत तरी चालेल. त्यांनी पेन्सिल उशीखाली ठेवली. "मंग साहूजी येनार नाही का छतावर?" त्यांनी विचारलं.

"काहाले येतील? त्यांचे गुडघे गेलेत."

"हो का," काकू म्हणाल्या. मी त्या वेळी त्या 'हो का'कडे लक्ष दिलं नाही.

नोव्हेंबर, डिसेंबर यंत्र चोख चाललं. मग मी मुलीकडे नागपूरला गेलो. आठ दिवसांसाठी गेलो होतो, राहिलो दीड महिना. गुडघ्याचं, नातवाच्या परीक्षेचं, काहीही निमित्त सांगता येईल. खरं एवढंच, की तिथे मजा येत होती.

साहूजींचा पहिला फोन आला तेव्हा आम्ही पिठलं-भाकरी खात होतो. "साहेब, घाम ह बिछौना ले उठ गे हे. भीत मा चढ़त हे." घाम म्हणजे ऊन, भीत म्हणजे भिंत. ऊन पलंगावरून उठून भिंतीवर चढायला लागलं होतं.

मी हसून म्हणालो, "धुके के दिन हैं, साहूजी। मशीन अपने आप सुधार लेती है। दो-चार दिन देखिए।"

आठवड्याने दुसरा फोन. या वेळी आवाज दबका होता. "अऊ ऊपर चल दिस साहेब. बाई के ऊपर अब नई परय." ऊन आणखी वर गेलं होतं, काकूंवर पडतच नव्हतं.

"हाथ मत लगाना," मी पहिल्यांदा हेच म्हणालो. आजही हेच वाक्य मला सर्वांत आधी आठवतं. "मैं आ रहा हूं।"

आलो तीन आठवड्यांनी. माघाची थंडी होती. सरळ साहूजींच्या छतावर गेलो. आरसा लखलखीत पुसलेला. साहूजी आठवड्याने नाही, रोज चढत होते, हे मला तेव्हा कळलं. पिंजऱ्यात वाकून पाहिलं. डोळ्याच्या काचेवर एका बाजूला काळी धूळ साचली होती. वारा एकाच दिशेने येतो, धूळही एकाच बाजूला बसते. त्या बाजूच्या कणाला ऊन कमी मिळायचं, यंत्राला वाटायचं आरसा चुकलाय, आणि ते इमानेइतबारे रोज थोडं थोडं चुकीच्या दिशेला झुकत गेलं. ऊन काकूंना सोडून वर वर गेलं.

मी पक्कडीने तार तोडली, पिंजरा उचलला आणि बोटाने काच पुसली. एक बोट, एकदा. मोटर गुरगुरली आणि आरसा खाली झुकायला लागला.

"साहूजी, दिखा नहीं आपको? यही तो था," मी जवळजवळ ओरडलोच.

"दिखत रिहिस साहेब." त्यांचा चेहरा उतरलेला होता. "रोज दिखत रिहिस."

"तो पोंछा क्यों नहीं?"

"सील लगे रिहिस. मैं कइसे टोरतेंव?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मालगोदाम मा एक झन सील टोरे रिहिस, भीतर पानी जात रिहिस, माल बचाए बर. ओकर नौकरी चल दिस."

आत पाणी शिरत होतं म्हणून, माल वाचवायला कुणी सील तोडलं, तर त्याची नोकरी गेली. असं पाहिलेल्या माणसाला मी सील लावून दिलं होतं, आणि फोनवर पुन्हा मजबूत केलं होतं. त्यांना रागावण्याचा मला काय अधिकार होता? तरी मी रागावलो. हे लिहिताना लाज वाटते.

खाली गेलो. ऊन पलंगावर परत आलं होतं, काकूंच्या चादरीवर, कमरेपासून छातीपर्यंत. मी उत्साहाने म्हणालो, "काकू, आलं पाहा!"

काकू फार वाळल्या होत्या. त्यांनी उन्हाकडे पाहिलं आणि उन्हात पडलेला आपला हात हळूच चादरीखाली ओढून घेतला.

"भाऊ, आता काढून टाका हे."

"काहून? सुधरलं न ते. एवढीशी धूळ होती. मी सील काढून टाकलं. पुन्हा स्क्रू लावून देतो, साहूजी फिरवतील पहिल्यासारखा."

"नोका लावू." त्यांचा आवाज शांत होता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "पह्यले ऊन नव्हतं तं नव्हतं. मंग तुमी देलं. मंग ते रोज माह्या डोळ्यादेखत जाऊन राहिलं, आन् मी पडल्या पडल्या पाहून राहिली. रोज वाटे, आज भाऊ येतील. पुन्हा तसं पाहनं मले झेपनार नाही."

"आता नाही जाणार, काकू."

"तुमी मांगच्या खेपेलेही असंच म्हनलं होतं."

मी मागचं वाक्य आठवून पाहिलं. म्हणालो होतो खरं. वर्षा दारात उभी होती. मी परत छतावर गेलो, मोटरीची वायर काढली आणि आरशाचं तोंड आकाशाकडून फिरवून खाली केलं. खाली खोलीतला दिवा लागलेला खिडकीतून दिसला. साहूजी जिन्यावर बसून होते, हातात ओलं फडकं.

काकू जेठ महिन्यात गेल्या. अख्खं शहर उन्हाला भिऊन दारं लावून बसलं होतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या बाईचं कधी ना कधी व्हायचंच ते झालं, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी म्हटलं. मीही चारचौघांत तेच म्हणतो. घरी एकटा असलो की म्हणत नाही.

दिवाळीच्या आधी वर्षाचा फोन आला. खोली रंगवायची होती, खिडकीचं दार उघडं धरायला मी बाहेरून लावलेला लोखंडी कंस अजून तिथेच होता, तो काढून न्यावा. मी गेलो. पलंग हलवलेला होता, रंगारी शिडी लावून उभा होता. कंस सोडवून मी खोलीत वळलो आणि पहिल्यांदाच ती भिंत नीट पाहिली.

पलंगाच्या उंचीला पेन्सिलच्या रेघांचा दाट गठ्ठा होता, एकमेकींत मिसळलेल्या. त्या साहूजींच्या दिवसांतल्या. त्यांच्या वर रेघा सुट्या होत होत्या. एक, तिच्या वर बोटभर अंतरावर दुसरी, मग दोन बोटांवर तिसरी. सरावलेल्या हाताने मारलेल्या, थरथरणाऱ्या, पण सरळ. जिथे पलंगावरून काकूंचा हात पोचणं बंद झालं असेल, तिथून वरच्या रेघा वेगळ्या होत्या, ठळक आणि लांब. त्या छताच्या दिशेने गेल्या होत्या.

"ऊपर वाली मैंने लगाई हैं, भैया," वर्षा म्हणाली. "स्टूल पे चढ़ के। मैं बोलती थी, अम्मा, अब क्या फायदा। तो बोलती थीं, लगाते जा। भाऊ आएंगे तो पूछेंगे, कितना सरका।"

मी आलो होतो. त्याच खोलीत, या रेघांच्या समोर, पलंगाकडे तोंड करून उभा राहिलो होतो. काच पुसल्याचं सांगितलं, धूळ किती होती ते सांगितलं, पुन्हा स्क्रू लावतो म्हणालो. किती सरकलं, हे मी विचारलं नव्हतं.

रंगाऱ्याने ब्रश बुडवला आणि विचारलं, "भैया, पोत दूं?"

वर्षा माझ्याकडे बघत राहिली. मी सगळ्यात वरच्या रेघेकडे हात नेला. तो तिथे पोचत नव्हता.